इटलीच्या प्रशिक्षणातून नाव कापल्याबद्दल

कळमनुरी,
१७ मार्च

आमच्या घरचे एकुलते एक जावई, वयानं माझ्यापेक्षा लहान पण मानानं आमच्या अख्ख्या खानदानाच्या डोक्यावर बसलेले श्री. कुलदीपराव दाजी यांना थोरला मेहुणा शिवहार याचा वाकून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे? कमरेचं दुखणं कमी झालं का? आमची राधी सांगत होती की कंपनीनं तुम्हाला नवी खुर्ची दिली. बरं झालं. माय रोज देवापुढं पहिलं नाव तुमचं घेते, मग राधीचं, मग मेंढरांचं, आणि वेळ उरला तर आमचं. इकडं बाकी सगळे ठीक. ऊन आत्तापासूनच तापायला लागलंय. तुमच्या सासऱ्यांचा, म्हणजे दादांचा, खोकला गेला, पण बोलणं वाढलं. तुमच्या वहिनीनं, सत्यशीलेनं, तुमच्यासाठी नवी हळद दळून ठेवली आहे, कोणी पुण्याला येणारं भेटलं की पाठवतो.

आता पत्र काहून लिहून राहिलो ते सांगतो. फोनवर तुमच्याशी बोलायला लागलो की माय शेजारी येऊन बसते, आणि माझा आवाज जरा चढला की हातातून फोन ओढून घेते. जावयाशी असं बोलतेत का, म्हणते. त्यामुळं जे बोलायचं ते कागदावर, आणि मानपान सांभाळून. तरी मधे कुठं एखादा शब्द वाकडा गेला तर तो रागाचा आहे असं समजू नका. (रागाचाच आहे. पण तसं समजू नका.)

सुरुवात तुमच्यापासून झाली, हे तुम्हाला आठवतंय की नाही कोण जाणे. दिवाळीत पुरणपोळीवर आडवा हात मारून तुम्ही ओसरीत लवंडला होता. लवंडल्या लवंडल्या म्हणालात की शिवहारदादा, तुमच्यासारख्या चित्रकलेच्या सरांनी उन्हाळ्यात परदेशात जाऊन एखादा छोटा कोर्स केला पाहिजे, पंधरा-पंधरा दिवसांचे असतात, हल्ली कोणीही जातं. मग मोबाइलवर धडाधड लिंका पाठवल्या, 'एक निवडा, बाकीचं मी बघतो' म्हणालात आणि कुशीवर वळलात. दाजी, त्या दिवसापासून आजतागायत तुम्ही 'बाकीचं' काहीही बघितलेलं नाही. तुम्ही घोरायला लागलात आणि माझी झोप गेली, ती गेलीच.

मी थट्टा समजून सोडून दिलं असतं तर आज सुखात असतो. पण दुसऱ्या दिवशी शेतात बसून एक लिंक उघडली. फोटो होता. माझ्या वयाची, माझ्याहून म्हातारी माणसं लहान लहान स्टुलांवर बसून, मांडीवर बोर्ड घेऊन एका जुन्या भिंतीचं चित्र काढत होती. साधी भिंत. पोपडे गेलेली. आणि त्यांच्यामागं उभं राहून कोणी म्हणत नव्हतं की सर, झालं का, पाहुणे आले. कोणी प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन नावं घालायला आलं नव्हतं. कोणी 'स्वागतम्' लिहा म्हणत नव्हतं. दाजी, खरं सांगतो, मला जायचंय. लग्नाच्या वेळेला सुद्धा मला एवढं कशाचं वाटलं नव्हतं. (हे वाक्य राधीला वाचून दाखवू नका, ती लगेच सत्यशीलेला फोन करते.)

आता निवडण्याचं ऐका. तुम्ही त्या लिंका न वाचताच पाठवल्या होत्या, हे मला एकेक उघडल्यावर कळलं. एक कोर्स सहा ते बारा वर्षांच्या लेकरांसाठी होता. एक दुबईचा होता, तो नखांवर नक्षी काढायचा. एका ठिकाणी सकाळी चित्रकला आणि दुपारी स्वयंपाक शिकवतात, तो मी मायपासून लपवला. एक बंद पडून जमाना झालेला. जे चांगले निघाले त्यांचा वेगळाच घोळ, कारण त्या लोकांचा उन्हाळा आपल्या उन्हाळ्यात येतच नाही. आपला उन्हाळा आता सुरू झाला, मे महिन्यात माणसाला भाजून काढील आणि जूनमध्ये संपेल. ते लोक जुलै-ऑगस्टला उन्हाळा म्हणतात! जुलैत आमच्या रानात कोळपणी चालू असते आणि शाळेत चाचणी परीक्षा. पॅरिसवाला वर्ग जुलैत, म्हणून गेला. इंग्लंडातला समुद्राकाठचा ऑगस्टात, त्यात पंधरा ऑगस्ट. झेंड्याखालची रांगोळी कोणी काढायची, मुख्याध्यापकांनी? तोही गेला. नॉर्वे नावाच्या देशातला वर्ग मला फार आवडला होता. तिथं म्हणे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही, माणूस हवं तेवढा वेळ बसून काढू शकतो. तो जूनच्या अठरा तारखेला सुरू होतो आणि आमची शाळा त्याच्या आधी उघडते. आणि पैनगंगेच्या पलीकडं, दाजी, नुसत्या नदीच्या पलीकडं, विदर्भात ऊन जास्त म्हणून मास्तर लोक जून संपत येईपर्यंत घरी लोळत पडतात. म्हणजे मी नदीच्या त्या काठाला नोकरी धरली असती तर नॉर्वेला गेलो असतो, आणि या काठाला धरली म्हणून नाही. हे मी तळमळून सत्यशीलेला सांगितलं. ती भाकरी थापत म्हणाली, मंग नदी वलांडायला कोणी अडवलं होतं?

शेवटी चाळून चाळून एक उरला. इटलीत डोंगरावरच्या एका खेड्यात लुचियाबाई नावाच्या म्हाताऱ्या चित्रकार बाई स्वतःच्या घरात वर्ग घेतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात, बारा दिवस. माणसं मोजकी. बाईंची अट एकच, की अर्जासोबत समोर बघून काढलेली स्वतःची दहा चित्रं पाठवायची.

मी घरात जाहीर केलं. दादा घोंगड्यावर बसून मेंढराच्या खुरातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली आणि मला म्हणाले, "आरं, जल्म गेला तुझा पोरायला चित्रकला शिकवून. अन् अजून तुलाच शिकायची हाय? मंग इतके दिस पगार कशाचा घेतला?" मी समजावून सांगितलं की डॉक्टरसुद्धा पुढचं शिकतात. तर म्हणाले, "ज्या डाक्तरला अजून शिकायचंय त्याच्याकडं म्या जात न्हाई." सत्यशीलेनं वेगळंच विचारलं. तिथं तुम्ही काय काढणार? मी म्हटलं, समोर दिसेल ते. मग ते इथं काहून दिसत नाही, म्हणाली. दोघांपुढं मी हात टेकले आणि मायकडं बघितलं, तर तिनं एवढंच विचारलं की जावयबापूंनी सांगितलंय का? हो म्हटल्यावर तिची कशालाच हरकत उरली नाही. या घरात मी वाघ मारून आणला तरी तुमच्या नावावर जाईल.

मग ती दहा चित्रं. मला वाटलं, कपाट उघडलं की झालं. कपाट उघडलं, दाजी, आणि तळापर्यंत सगळं उपसून काढलं. इतक्या वर्षांत माझं स्वतःचं म्हणावं असं एक चित्र निघेना. सगळं फळ्यावर. सरस्वती फळ्यावर, पाणी वाचवा फळ्यावर, निरोप समारंभ फळ्यावर, आणि दुसऱ्या दिवशी शिपायानं ओल्या फडक्यानं पुसलेलं. कपाटात काय, तर चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षेला बसलेल्या पोरांची निसर्गचित्रं. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचं झाड. आमच्या पोरांनी नारळ फक्त देवळात फोडताना पाहिलाय, पण चित्रात झाड पाहिजेच, आणि ते मीच शिकवलेलं.

म्हणून बोर्ड, कागद घेऊन बाहेर पडलो. कळमनुरीच्या आठवडी बाजारात शेळ्यांच्या ओळीसमोर जागा धरली आणि काढायला लागलो. आता आपल्या भागात मास्तर माणूस हातात कागद घेऊन एकेका गोष्टीकडं रोखून बघायला लागला की त्याचा अर्थ एकच, सरकारची मोजणी आली. (लोकांचं चुकतं असंही नाही. माणसं मोजायला मी, जनावरं मोजायला मी, संडास मोजायला मी. हिंडून गेलो नाही असं घर तालुक्यात नाही.) बघता बघता समोरच्या निम्म्या शेळ्या गायब. मालकांनी मागच्या बोळात नेऊन बांधल्या. उरलेल्यांचे मालक शेळ्या जास्त सांगायला लागले, कारण त्यांना कोणी सांगितलं की अनुदान येणार आहे. मी घसा फोडून सांगतोय की बाबांनो, चित्र काढून राहिलो, चित्र. त्यावर लोक समजूतदारपणे हसतात. एक म्हातारी तर आधार कार्ड काढून माझ्यासमोर फतकल मारून बसली. घरकुलाच्या यादीत तिचं नाव नव्हतं आणि नाव लिहिल्याबिगर उठणार न्हाई म्हणाली. शेळ्या गेलेल्याच होत्या, मी तिचंच चित्र काढलं. तिनं कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "तोंड बराबर हाय. नंबर कुठं हाय?" नंबर लिहिल्याशिवाय कागद सोडेना. शेवटी लिहिले चार-सहा आकडे मनानं काहीतरी. लुचियाबाईंना दहांपैकी तेच चित्र सगळ्यांत आवडलं आणि त्यांनी विचारलं की खालच्या आकड्यांचा अर्थ काय?

हळद शिजवायची चालू होती तिथं गेलो, तर सगळे गडी कामं टाकून त्या पिंपाएवढ्या कुकरपुढं हात सरळ सोडून ओळीत उभे राहिले, फोटोला राहतात तसे. काम करा म्हटलं तर म्हणतात, सर, काम करताना चांगलं दिसत नाही. दादांना म्हटलं, तुम्ही तरी बसा. बसले. पण म्हणाले की माझं तोंड काढून काय उपयोग, मेंढराचं काढ, मेंढराला गिऱ्हाईक हाय. मेंढरू काढायला घेतलं तर ते फिरून उभं राहिलं. माझ्या दहापैकी तीन चित्रांत मेंढराची पाठमोरी बाजू आहे. बाईंना ती माझी शैली वाटली असावी.

ते असो. फेब्रुवारीत त्यांचं उत्तर आलं. घेतलं म्हणून. गावाकडच्या शाळेतल्या एका शिक्षकाला दरवर्षी त्या स्वतःच्या घरी ठेवून घेतात, ती जागा यंदा मला दिली म्हणाल्या. राहणं-खाणं त्यांच्याकडं, तिकिटाची तजवीज माझ्याकडं होती, पासपोर्ट काढून ठेवलेला. खोटं कशाला बोलू, शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं जाऊन मी डोळे पुसले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझं चित्र बघून मला बोलावलं होतं. फळा भरायला नव्हे.

आणि इथं, दाजी, मी एक साधा, सरळ, कायदेशीर मूर्खपणा केला. नोकरीतल्या माणसाला देशाबाहेर जायचं तर शाळेची परवानगी लागते म्हणून रीतसर अर्ज दिला. 'उन्हाळी सुटीत चित्रकला प्रशिक्षणासाठी परदेशी जाण्यास परवानगी मिळणेबाबत.' त्या ओळीतला 'प्रशिक्षण' हा शब्द मुख्याध्यापकांनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. तुम्ही कंपनीतले, तुम्हाला कळायचं नाही. आमच्याकडं सुटीतलं प्रशिक्षण म्हणजे शिक्षा. भर मे महिन्यात पत्र्याखाली बसवून, पंखा बंद, आणि संध्याकाळी चहाऐवजी फॉर्म भरून घेतात. तिथं आपल्या पायानं जाणारा मास्तर अजून जन्मायचाय. सरांनी मला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात विचारलं की आदेश कोणाचा आहे? जावक क्रमांक काय? तालुक्यातून अजून कोणाकोणाचं नाव आहे? मी सांगितलं की आदेश नाही, मी स्वतः मागून घेतलंय. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की घरी काही भांडण झालंय का?

दुपारपर्यंत सगळ्या शाळेत झालं, संध्याकाळपर्यंत गावात. की शिवहार सरांना सरकारनं इटलीच्या प्रशिक्षणाला लावलं. आमच्या वाडीवर पोचेस्तोवर त्याला पाय फुटले होते. तिथं असं झालं की सरांची इंटरमीजिएट परीक्षा राहिली होती, ते आता उघडकीला आलं आणि नोकरी वाचवायला त्यांना बाहेरदेशी जाऊन पेपर द्यावा लागणार. किराणा दुकानात एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की सर, घाबरू नका, तिकडं कॉपी चालते. दादा घरी येऊन म्हणाले, म्या म्हणत होतो ना?

आता उत्तमसिंगवर येतो. येतो म्हणजे, येऊ कसा तेच कळेना, तळपायाची आग मस्तकात जाते. उत्तमसिंग आमच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि शिक्षक संघटनेचा तालुका सचिव आहे. माणूस सोन्यासारखा. अडल्यानडल्याला धावून जाणारा. त्याची ख्याती एकाच गोष्टीची, नाव कापण्याची. निवडणुकीच्या ड्युटीतून, मोजणीतून, प्रशिक्षणातून, कोणाचंही नाव कुठूनही कापून आणतो. लोक लग्नाचं आमंत्रण द्यावं तसे त्याच्या घरी जातात. त्याचा एक नियम आहे, की ज्याचं काम करायचं त्याला आधी काही सांगायचं नाही, उगा त्याच्या जिवाला घोर नको. तर या उत्तमसिंगनं एका दुपारी माझ्याजवळ येऊन आपुलकीनं विचारलं की शिवहार, ते पत्र कुठून आलंय, दाखव तर. मला वाटलं, चला, एकाला तरी कौतुक आहे. मी मोबाइल पुढं केला. त्यानं पत्राचा फोटो काढून घेतला, माझा हात दाबला आणि म्हणाला, "टेन्शन मत ले."

मी टेन्शन घेतलं नाही, हेच चुकलं.

परवाच्या शनिवारी मधल्या सुटीत तो पेढ्यांचा पुडा घेऊन शिक्षकखोलीत आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "शिवहार सर, मुबारक हो! कापलं नाव!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आधी कळेचना. मग त्यानं आपण इटलीला ईमेलनं धाडलेल्या अर्जाची नक्कल माझ्या हातात दिली. इंग्रजीत, पण थाट सगळा तहसीलला लिहायच्या अर्जाचा. विषय, संदर्भ, उपरोक्त विषयास अनुसरून. त्यात असं, की सदर शिक्षकाच्या उजव्या हाताला कंप असून त्यांना रेषा ओढणे अशक्य आहे, सोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले आहे. तरी त्यांना प्रशिक्षणातून सूट देऊन त्यांच्या जागी अन्य तालुक्यातील शिक्षकाची नेमणूक करावी. तसे न झाल्यास संघटनेस नाइलाजाने आपल्या कार्यालयासमोर धरणे धरावे लागेल व होणाऱ्या परिणामास आपण जबाबदार राहाल. खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून मुख्याध्यापक आणि संघटनेचे जिल्हाध्यक्ष. दाजी, त्या बिचाऱ्या म्हातारीच्या अंगणात धरणे! माझ्या हातातला पेढा खाली पडला.

मी ओरडलो. शिक्षकखोलीत आजवर ओरडलो नव्हतो. नाव कोणी कापायला सांगितलं होतं तुला, म्हटलं. उत्तमसिंगला वाटलं मला आनंद सहन होईना. त्यानं पाणी मागवलं. आणि कडेला मुख्याध्यापक हसत उभे. ते म्हणाले की बरं झालं सर, आता मे महिन्यात तुम्ही मोकळेच आहात, तर शाळेची बाहेरची भिंत रंगवून घ्या, स्वच्छतेचे संदेश टाका, मधे एखादं नारळाचं झाड. घरी आलो तर घरच्यांना माझ्याआधीच कळलेलं. माय म्हणाली, जावयबापूंना काय सांगायचं आता? तिला काळजी तुमची!

आणि काल लुचियाबाईंचं उत्तर आलं. मी ते उघडायला सुद्धा भीत होतो. त्यांनी लिहिलंय की माझ्या हाताबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्याविरुद्ध कोणत्या संघटनेनं धरणे धरलेलं नाही, त्यामुळं त्यांना मान दिल्यासारखं वाटतंय. अंगण लहान आहे, तरी किती शिक्षक येणार ते आधी कळवावं म्हणजे त्या सगळ्यांचं जेवण करून ठेवतील. जागा त्यांनी अजून कोणाला दिलेली नाही. मार्चअखेर थांबणार आहेत. मात्र येणार की नाही ते संघटनेनं नव्हे, मी स्वतः लिहावं, असं म्हणाल्या. तुम्हीच सांगा, आपल्या इथल्या कोणत्या ऑफिसातून असं उत्तर आलं असतं?

असो. फार लिहिलं. तुमच्या आईवडिलांना आमचा नमस्कार कळवा, राधीला सांगा की लोणच्याच्या बरण्या रिकाम्या झाल्या की परत पाठव, माय रोज आठवण काढते. बरण्यांची. पत्रात काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर ते जावई म्हणून पोटात घाला.

तुमचा, मुळीच न रागावलेला,
शिवहार

ता. क. कामाचं राहिलंच. तुम्ही म्हणाला होता ना 'बाकीचं मी बघतो'? तर आता बघा. लुचियाबाईंना पाठवायचं उत्तर मला चांगल्या इंग्रजीत लिहून द्या. माझं इंग्रजी उत्तमसिंगएवढंच आहे आणि त्याच्या इंग्रजीनं काय झालं ते वर लिहिलंच आहे. त्यात एवढं घाला, की तो अर्ज गैरसमजातून गेला, धरणे रद्द, माझी प्रकृती ठणठणीत आहे, उजव्या हाताला काहीही झालेलं नाही, रेघ सुतासारखी सरळ येते, आणि मी येतोय. लवकर करा, व्हिसाला वेळ लागतो. सत्यशीला विचारत होती की एवढी घाई काय, रिटायर झाल्यावर जा. नाही. यंदाच.

ता. क. दुसरा. उत्तमसिंगला खरं काय ते कळलं. तो माझ्या घरी येऊन ढसाढसा रडला. आता त्यानं कापलेलं नाव परत घालायचा विडा उचललाय आणि मी इतका तंदुरुस्त आहे की मला डोंगर चढता येतो, असं नवं वैद्यकीय प्रमाणपत्र त्याच डॉक्टरकडून आणलंय. ते मी काढून घेऊन हळदीच्या पोत्याखाली ठेवलं आहे. तो तुम्हाला फोन करील. करू द्या, पण बाईंना त्याला पुन्हा काही लिहू देऊ नका.

ता. क. तिसरा. पहिल्या ता. क. मधलं हाताचं वाक्य खोडा. दाजी, हात खरंच थरथरतो. मागच्या पावसाळ्यापासून. उत्तमसिंगला हे माहीत नाही, ड्युटी चुकवायला तो सगळ्यांच्या अर्जात हेच लिहितो. पण मी शिक्षकखोलीत ते वाक्य वाचलं आणि मला वाटलं की सगळ्यांना कळलं, म्हणून मी तसा ओरडलो. फळ्यावर रेघ मारायला गेलो की ती वळवळते, पोरांना वाटतं सर पाण्याच्या लाटा काढून राहिलेत. नांदेडला जाऊन डॉक्टरला दाखवलं, घरी सांगितलं की बियाणं बघायला गेलो. तो म्हणाला, हळूहळू वाढत जाईल. किती हळू ते त्याला सांगता आलं नाही. मला भीती वाटते, दाजी. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. बाईंच्या उत्तरातलं एक वाक्यही मी वर लिहिलं नाही. त्यांनी लिहिलंय की त्यांचासुद्धा हात कित्येक वर्षं हलतो, सकाळी जरा शांत असतो, तेव्हा त्या काढतात. आलात तर शेजारी स्टूल ठेवीन, म्हणाल्या. तर उत्तरात असं लिहा, की हात थरथरतो आणि येतोय. घरात मी कोणाला सांगितलेलं नाही. राधीलाही सांगू नका. पण आत्ता मी पाकीट चिकटवायला बसलो, तर दादा आतून नवं घोंगडं घेऊन आले, माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाले, "हे घेऊन जाय. तिकडं गारठा असंल. गारठ्यानं तुझा हात जास्त हालतो."